ओघवतीची भीती

शालनमावशीनं ती गोष्ट आयुष्यात एकाच माणसाला सांगितली होती, आणि ते माणूस म्हणजे तनुजा.

तनुजा इंगवले तेव्हा चाळिशीला टेकली होती. पुण्यात चित्रपटांच्या पटकथा लिहायची. नाव बऱ्यापैकी झालं होतं, पण आपलं म्हणावं असं काही अजून हातून उतरलं नव्हतं. आई लहानपणीच गेली, म्हणून ती वाढली मावशीजवळ, कृष्णाकाठच्या मळेवाडीत. मावशी म्हणजे त्या पंचक्रोशीतलं मोठं प्रस्थ. महापुराच्या वर्षी सरकारी बोटी पोचायच्या आधी तिनं गुऱ्हाळातली काहील, म्हणजे उसाचा रस आटवायची ती भलीथोरली पसरट कढई, पाण्यात लोटली आणि बांबूनं रेटत रेटत दोन दिवसांत एकेचाळीस माणसं बाहेर काढली. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. शाळेच्या भिंतीवर तिचं चित्रही काढलेलं होतं.

गावाला ठाऊक नव्हतं ते बेचाळिसाव्या माणसाचं. दत्तूअण्णा मळ्यातल्या घराच्या पत्र्यावर अडकले होते. काहील त्यांच्यापासून शंभरेक पावलांवर असताना पाण्याचा मोठा लोट आला, काहील गरकन फिरून एका बाजूला कलली, आणि दोन दिवसांत पहिल्यांदाच मावशी भ्याली. लोट ओसरला. पाणी पुन्हा जरा शांत झालं. जाता आलं असतं. अण्णांनी तिला नाव घेऊन हाक मारली. मावशीनं काहील वळवली आणि माघारी आली. गावात सांगितलं की पोचेपर्यंत पत्रा रिकामा झाला होता. काहिलीत सोबत असलेला दीरही त्यावर कधी बोलला नाही.

अण्णांची लेक सुरेखा तिच्या गळ्यात पडून रडली, काकी, निदान तुम्ही गेलात तरी, म्हणाली. तेव्हापासून अठरा वर्षं सुरेखाच्या मळ्यातली पहिली काकडी, पहिलं कणीस मावशीच्या उंबऱ्यावर येत होतं. मावशी ते कधी तोंडात घालत नसे. गाईपुढं टाकायची.

हे सगळं तिनं तनुजाला सांगितलं ते परसात शेंगा फोडत असताना, मान वर न करता. सांगून झाल्यावर म्हणाली, "तुझ्या सिनेमात घाल हे. माझ्या तोंडानं मला जमंना झालंय. सुरेखा बघंल, समजंल तिचं तिला. पण घालणार असशील तर सगळं घाल. निम्मं घालू नकोस."

तनुजानं शब्द दिला.

त्या शब्दातूनच 'ओघवती' उभी राहिली. सुलक्षणा जहागीरदार या निर्मातीला मराठीतला पहिला मोठा महानायिकेचा चित्रपट काढायचा होता आणि ती कथेच्या शोधात होती. नदीकाठच्या एका बाईला पाण्यावर हुकमत मिळते, ती गावं वाचवते, धरणं फोडायला निघालेल्या शत्रूशी लढते, एवढा सांगाडा सुलक्षणाताईंचा. त्यात जीव घातला तनुजानं. तिची ओघवती चिडकी होती, गुळाच्या ढेकळासाठी पोरांशी भांडायची, शक्ती मिळाल्यावर आधी स्वतःच्या शेतात पाणी वळवायची. आणि चित्रपटाच्या मध्यावर ती एका म्हाताऱ्याला पत्र्यावर सोडून माघारी फिरायची, त्याच्या लेकीशी खोटं बोलायची. उरलेला सगळा चित्रपट त्या खोट्याचा भार वाहत चालायचा. सुलक्षणाताईंनी तो भाग वाचला तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. चित्रीकरणही मनासारखं झालं.

मग चित्रपट मागोव्यावर गेला.

मागोवा येऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. प्रेक्षकानं डोक्याला एक हलकी पट्टी बांधायची. पट्टीतून डोळ्यांना न दिसणारा तांबड्यापलीकडचा प्रकाश कवटीतून थोडा आत जातो आणि परततो. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिथं ताजं रक्त धावतं, आणि ताजं रक्त तो प्रकाश वेगळ्या प्रमाणात शोषतं. त्यामुळं परतलेल्या प्रकाशावरून कोणता भाग केव्हा जागा झाला ते कळतं. एवढं विज्ञान जुनंच होतं. नवीन होतं ते त्याचं वाचन. सहाशे प्रेक्षकांच्या पट्ट्यांवरून मागोवा पडद्यावर दोन रेषा काढायचा. निळी रेषा ओढीची, तांबडी श्रमाची. तांबडी वर चढली आणि निळी खाली आली की तिथं प्रेक्षक उठून जाणार, हे भाकीत शंभरातल्या नव्वद वेळा खरं ठरायचं. चित्रपट आता बहुतेक घरोघरीच पाहिले जात, आणि ते घरांपर्यंत पोचवणाऱ्या वाहिन्या मागोव्याच्या दाखल्याशिवाय चित्रपटाला हातही लावत नसत.

चाचणीच्या दिवशी तनुजा यंत्राच्या खोलीत डॉ. इम्तियाज मुजावर यांच्या शेजारी बसली होती. मागोवा घडवणाऱ्या चमूतले ते एक, मिरजेकडचे, हळू आवाजात बोलणारे. लढाया झाल्या, पाण्याचे लोट उठले, निळी रेषा डौलात चालली होती. ओघवती पोरांशी भांडली तिथं ती जरा अडखळली. स्वतःच्या शेतात पाणी वळवलं तिथं आणखी उतरली. आणि पत्र्यावरच्या म्हाताऱ्यानं हाक मारली, ओघवतीनं पाठ फिरवली, तेव्हा तांबडी रेषा भिंतीसारखी सरळ वर गेली आणि निळी कोसळली ती पुढची वीस मिनिटं वर आलीच नाही.

दुसऱ्या दिवशी अहवाल आला. चौदा प्रसंग काढावेत असं त्यात लिहिलं होतं. तनुजानं यादी वाचली. ओघवती माणूस म्हणून ज्या ज्या ठिकाणी दिसत होती, तेवढीच ठिकाणं मागोव्यानं नेमकी टिपली होती.

ती तडक मुजावरांकडं गेली. सुलक्षणाताईंच्याच संस्थेचा आदल्या वर्षीचा 'लोहभैरव' तिला आठवत होता. त्यातला नायकही मित्राला जळत्या कारखान्यात सोडून पळतो, तेव्हा मागोव्यानं कात्री का लावली नाही, असं तिनं विचारलं. मुजावरांनी जुना आलेख काढून दाखवला. त्या प्रसंगाला निळी रेषा उलट वर चढली होती.

"असं बघा," ते म्हणाले, "आपण कुणाकडं बघतो तेव्हा मेंदू गप्प बसत नाही. हा माणूस आता काय करेल याचा अंदाज तो सारखा बांधत असतो. त्यासाठी त्याच्याजवळ माणसांचे साचे असतात, बघून बघून तयार झालेले. नायक घाबरतो, पळतो, झुरतो, परत येतो, हे आपण शेकडो वेळा पाहिलंय. साचा आयता आहे. शूर बाईचा साचा आहे, रडणाऱ्या बाईचाही आहे. पण शूर बाई भ्याली, तिनं माणूस मरू दिला, वर खोटं बोलली, आणि तरी आपण तिच्या बाजूनं उभं राहायचं, याचा साचा कुणाजवळच नाही. मेंदूला तो तिथल्या तिथं घडवावा लागतो. घडवणं म्हणजे श्रम. आणि मागोवा श्रमाला कंटाळा समजतो."

"समजतो, का त्याला तसं शिकवलंय?"

"शिकवलंय," मुजावर म्हणाले. "मीच शिकवलंय. तेव्हा हे लक्षात आलं नव्हतं."

तनुजानं त्यांना एक प्रयोग करायला लावला. संगणकानं ओघवतीच्या जागी पुरुषाचा चेहरा, पुरुषाचा आवाज बसवायचा, बाकी एक अक्षर बदलायचं नाही, आणि तेवढा प्रसंग नव्या सहाशे प्रेक्षकांना दाखवायचा. हे काम आता दोन दिवसांचं होतं. निकाल आला तेव्हा तो बघायला सुलक्षणाताईही हजर होत्या. पुरुषानं पाठ फिरवली, तांबडी रेषा जरा थरथरून खाली बसली आणि निळी वर चढत गेली. प्रेक्षकांतल्या बायकांची रेषा वेगळी काढून पाहिली. तीही तशीच.

तनुजाला वाटलं, जिंकलो. मुद्दा सिद्ध झाला, आता कात्रीचा प्रश्नच नाही. पण सुलक्षणाताई त्या दोन आलेखांकडं बघत थकल्यासारख्या म्हणाल्या की यात मशीन खोटं बोलतंय असं कुठं दिसतं? लोकच असे आहेत, ते बिचारं लोकांचंच सांगतंय.

मग लोकांना दाखवूया, तनुजा म्हणाली. साचा बघूनच तयार होतो ना? दाखवलाच नाही तर तयार कसा होणार?

मुजावर खाली बघत म्हणाले, तेही खरं आहे. पण दाखवायचा तर मागोव्यातून जावं लागणार, आणि मागोव्यातून जायचं तर साचा आधीच असावा लागणार. यातून वाट काढता येईल का म्हणून त्यांनी वर्षभर खटपट केली होती. मागोव्याच्या कंपनीनं त्यांचं टिपण वाचून नुसते आभार मानले होते.

तेव्हा तनुजानं शेवटचा डाव टाकला. मला पट्टी बांधा, ती म्हणाली. ही बाई माझ्या हाडामांसाची आहे, मी तिच्या हाताखाली वाढलेय. हा प्रसंग मी लिहिलाय, त्यातला श्वासन् श्वास मला पाठ आहे. माझी रेषा बघा आणि मग सांगा, प्रेक्षक असेच असतात म्हणून. मुजावरांनी नको म्हटलं. एका माणसाच्या रेषेनं काही सिद्ध होत नाही, असं त्यांनी दोनदा सांगितलं. ती ऐकेना.

तिनं दोन्ही रूपं पाहिली. आधी आपलं मूळचं, मग संपादकानं कच्चं जोडलेलं नवं. नव्यात ओघवती पत्र्यापाशी पोचते, हात उचलते, पाणी दुभंगतं, म्हातारा सुखरूप खाली येतो. चार सेकंदांचं काम.

पट्टी सोडून ती आलेखापाशी आली. पत्र्यावरून हाक आली त्या क्षणी तिची तांबडी रेषा इतर कुणाहीपेक्षा उंच गेली होती, निळी तळाला. आणि नव्या रूपात, त्या चार सेकंदांत, तिचा मेंदू एखाद्या पोरासारखा निवांत झाला होता.

मुजावर सांगत होते, की तुमचं नातं आहे, दुःख आहे, त्याचा अर्थ असाच लावता येत नाही. तनुजाला ते ऐकू येत होतं आणि पटत नव्हतं. तिला एकच गोष्ट दिसत होती. मावशी वाचवणारी आहे तोवर ती तिला सोपी होती. परसात शेंगा फोडताना मावशीनं जे सांगितलं, ते ऐकतानाही आपल्या आत हीच तांबडी भिंत उभी राहिली असेल. म्हणूनच तर आपण तेव्हा नुसता शब्द देऊन चहा टाकायला उठलो होतो.

सुलक्षणाताई वाईट बाई नव्हत्या. त्यांनी तनुजाला बाजूला घेतलं आणि पाठीवरून हात फिरवला. "हा पडला ना, तर पुढची वीस वर्षं बाईवर असला सिनेमा कुणी काढणार नाही. एवढा जाऊ दे. आधी लोकांना ती आवडू दे. तिची भीती आपण दुसऱ्या भागात घालू. हवं तर लिहून देते."

हवं तर आपलं नाव काढून घेता येईल, असंही त्या म्हणाल्या. तनुजानं नाव काढलं नाही. भांडायला जो पाय रोवावा लागतो, तोच पट्टी बांधून बसलेल्या त्या खुर्चीत निखळला होता. चौदा प्रसंग गेले. मावशीला हे सांगायला म्हणून तिनं दोनदा फोन लावला आणि दोन्ही वेळा पावसापाण्याच्या गप्पा मारून ठेवून दिला.

'ओघवती' दिवाळीत आली. पोरांनी उचलून धरली, शाळेच्या दप्तरांवर तिची चित्रं आली. जाणत्यांनी मात्र झोडपली. नायिका म्हणजे नुसता रंगवलेला पुठ्ठा आहे, तिला ना राग ना लोभ, ती कशाला भिते तेही कळत नाही, असं सगळीकडं छापून आलं. एकानं लिहिलं, लेखिका बाई असूनही तिला बाई कळलेली नाही. तनुजानं ते कापून ठेवलं नाही की फाडलंही नाही. तिला त्यात खोटं काही दिसेना.

जानेवारीत मुजावरांचा फोन आला. दुसऱ्या भागाची तयारी सुरू झाली होती आणि त्यांनी नव्या प्रेक्षकांवर पहिली चाचणी घेतली होती. आवाजावरूनच तनुजाला कळलं.

"साचा तयार झालाय," ते म्हणाले. "मी म्हणत होतो ना, बघून बघून होतो. आता महानायिका म्हटलं की लोकांच्या डोक्यात तीच येते, न भिणारी. आता तिला भीती दाखवली तर श्रम पूर्वीच्या तिप्पट पडतात. पहिल्यांदा दाखवली असती, तर एवढं अवघड गेलं नसतं." मग त्यांनी सांगितलं की आपण नोकरी सोडतो आहोत, आणि त्यानं काही फरक पडणार नाही हेही आपल्याला ठाऊक आहे.

तनुजानं कुठल्याशा मुलाखतीत, चित्रीकरण चालू असताना, ओघवती आपल्या मावशीवरून सुचली असं सांगून टाकलं होतं. मळेवाडीनं ते धरून ठेवलं. फेब्रुवारीत ग्रामपंचायतीनं सभागृहात चित्रपट लावला, आणि आधी मावशीचा सत्कार. शाल, नारळ, फेटा. मावशी पुढच्या ओळीत बसली होती. तिच्या एका बाजूला तनुजा, दुसऱ्या बाजूला सुरेखा. मावशीनं तनुजाचा हात धरून ठेवला होता. वीस वर्षांचं ओझं आज उतरणार अशा हिशोबानं, चित्रपट तोवर मुद्दाम न बघता, ती आली होती. तनुजानं कात्रीचं अजूनही तिला सांगितलं नव्हतं.

पडद्यावर पूर आला. पत्र्यावर म्हातारा दिसला. मावशीनं डोळे मिटून घेतले. चार सेकंदांनी सभागृहात टाळ्या वाजल्या, तेव्हा तिनं ते उघडले. म्हातारा खाली उतरून लेकीच्या गळ्यात पडला होता. सुरेखा पदर तोंडाशी धरून रडत होती, मावशीच्या खांद्यावर डोकं टेकून. मावशीनं तनुजाचा हात सोडला. चित्रपट संपेपर्यंत ती पडद्याकडं एकटक बघत राहिली.

घरी आल्यावर तनुजानं सगळं सांगितलं, मागोव्याचं, साच्यांचं, स्वतःच्या रेषेचंही. ऐकून झाल्यावर मावशीनं एवढंच विचारलं, की ते मशीन बाईनं केलं का बाप्यानं. मग म्हणाली, "ऱ्हाऊ दे. माझं मीच सांगायला पायजे हुतं. तुझ्या गळ्यात टाकलो." आणि चपला घालून निघाली.

सुरेखा मळ्यातल्या घरी होती. चहा ठेवते म्हणाली. मावशी म्हणाली चहा नको, बस. आणि तिनं उभ्याउभ्याच सांगायला सुरुवात केली. लोट कसा आला, काहील कशी कलली. पाणी मग शांत झालं हेही तिनं लपवलं नाही.

"तुझा बा पत्र्यावर हुता, सुरेखा. जिता हुता. मला बगून त्यानं हाक मारली, शालन म्हणून. मी भ्यालो. मी माघारी फिरलो."

सुरेखा ऐकत होती. तिच्या कपाळावर बारीक आठी पडली होती, न समजणाऱ्या परक्या भाषेतलं बोलणं ऐकताना पडते तशी. तनुजा तिच्या चेहऱ्याकडं बघत होती. राग येईल, ती किंचाळेल, अंगावर धावून येईल, या सगळ्याची तिनं तयारी ठेवली होती. हळूहळू ती आठी सुटली. चेहरा पुन्हा सपाट, मऊ झाला. सुरेखानं पुढं होऊन मावशीच्या कपाळाला हात लावून बघितला.

"काकी, असलं काय मनात आणू नका. सिनेमा बगून तरास झालाय तुमाला. तुमी न्हवं तशातल्या."

"अगं, मी सांगतोय न्हवं?"

"आमाला ठावं हाय तुमी कशा हाय ते. सगळ्या गावाला ठावं हाय."

तनुजा पुढं झाली. हे खरं आहे, मावशीनं मला दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं, मी लिहिलंही होतं, असं तिनं सांगितलं. सुरेखानं तिच्याकडं समजुतीनं पाहिलं. तुम्ही लिहिणारी माणसं, काय काय मनानं रचता, आणि म्हातारं माणूस तेच धरून बसतं, असं काहीतरी ती हळू आवाजात म्हणाली. मावशीला जरा मोठ्या डॉक्टरांना दाखवून आणा, हेही सांगितलं. आणि निघताना तिनं पहिल्या हरभऱ्याची जुडी मावशीच्या हातात दिली. मावशीला ती नाकारता आली नाही.

त्यानंतर मावशीनं आणखी दोघांना सांगून पाहिलं, सरपंचांना आणि काहिलीत सोबत असलेल्या एका दिराला. सरपंच हसले. दीर म्हणाला, वहिनी, आता कशाला उकरून काढता, आणि ते पत्र्याचं तर मला आठवतच नाही. पुढं तिनं सांगणं बंद केलं. तनुजा दर पंधरवड्याला मळेवाडीला जायची. मावशी जेवायला वाढायची, पुण्याची विचारपूस करायची, आणि दोघीही त्या विषयाच्या कडेकडेनं जायच्या.

पाऊस सुरू व्हायच्या बेतात शाळेनं मावशीला पोरांशी बोलायला बोलावलं, पुराच्या वेळी काय करावं ते सांगा म्हणून. तनुजा तेव्हा गावातच होती, ती मागच्या बाकावर बसली. वर्गात पोरंपोरी मिळून साठेक असतील, निम्म्यांच्या दप्तरावर ओघवती. मावशीनं काहिलीचं सांगितलं, बांबू कसा रेटायचा ते हात करून दाखवलं. मग मळ्यातल्या घराशी आली आणि थांबली. तनुजा ताठ झाली.

"तिथं दत्तूअण्णा हुते, पत्र्यावर," मावशी म्हणाली. तिचा आवाज कुठंही कापला नाही. "मी काहील लावलो पत्र्याला. हात दिलो आणि घेतलं त्यास्नी खाली."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरही वाजवू लागले. दत्तूअण्णा त्या पुरात गेले हे मास्तरांना ठाऊक होतं. स्वतःच्याच हातानं त्यांनी शाळेतल्या मृतांच्या फलकावर ते नाव रंगवलं होतं. तनुजानं त्यांच्याकडं पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर शंकेची एक रेघसुद्धा नव्हती.

पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. तिनं विचारलं, "आजी, तुम्हाला भीती नाही वाटली?"

मावशीची नजर पोरांच्या डोक्यांवरून मागच्या बाकापर्यंत आली आणि तनुजावर थांबली. तनुजाला उठता आलं असतं. ती बसून राहिली.

"न्हाई गं," मावशी म्हणाली, आणि पुढच्या हाताकडं वळली.